दहावा केशरी चेंडू

मुलांनो,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. त्यात दोन प्रश्न आहेत. थोरलीनं लिहिलंय की शाळेत त्यांनी मेंढीची पांढरी लोकर केकच्या रंगात आणि व्हिनेगरात उकळली, मग साबणाच्या पाण्यात घोळून तिचे चेंडू केले. आजीला असलं काही ठाऊक आहे का? धाकट्यानं तिच्या मजकुराखाली वाकड्या अक्षरांत विचारलंय की आजोबा लढाईत गेले, मग फोटोत आजीच्या कपाळावर कुंकू कसं?

तुम्हाला हे दोन वेगळे प्रश्न वाटत असतील. माझ्याकडे दोन्हींना मिळून एकच उत्तर आहे, आणि ते मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही. तुमच्या आईला त्यातलं निम्मं माहीत आहे, कारण तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि घरातच होती. उरलेलं निम्मं माहीत असणारी माणसं आता नाहीत. माझा एक डोळा गेल्या हिवाळ्यापासून अधू झालाय. दुसरा आहे तोवर लिहून ठेवते. आईकडून वाचून घ्या. ती मध्ये थांबली तर घाई करू नका.

माझं माहेर बेळगावचं. तिथल्या मड्डमांच्या शाळेत मी मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकले आणि लग्न होऊन निपाणीला आले. सासरी चौघंच माणसं: सासूबाई, मामंजी म्हणजे माझे सासरे, तुमचे आजोबा आणि मी. मामंजी कचेरीत अव्वल कारकून होते. तुमचे आजोबा पहिल्या लढाईत लष्कराच्या पोस्टात नोकरीला लागले आणि बसऱ्याकडे गेले. तुमची आई तेव्हा पाळण्यात होती. पुढच्या वर्षी सरकारी पत्र आलं. घरात इंग्रजी मलाच चांगलं येत होतं, म्हणून ते मीच वाचलं. ते सापडत नाहीत, एवढंच त्यात होतं. मेले असं लिहिलं नव्हतं. मला त्या दिवशी काय वाटलं ते आठवत नाही. कागद जाड होता आणि घडीवर पिवळा पडला होता, ते आठवतं.

माणूस असा बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट बघायची, अशी आमच्याकडे रीत. तोवर बायको सवाशीण. मी कुंकू लावत होते, मंगळसूत्र घालत होते. हळदीकुंकवाला मला बोलावणं यायचं, पण बायका माझ्यापाशी आल्या की त्यांचा हात हळू व्हायचा. हळद लावायच्या, मग जरा थांबायच्या, मग कुंकू. त्या थांबण्याची मला सवय झाली. पुढे मुलींच्या शाळेत बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या, वर्गावर मास्तरीण लागले. सकाळी शाळा, संध्याकाळी घर. बारा वर्षं अशी गेली. त्यांच्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही.

आता लोकरीकडे वळते.

बिगारीतल्या मुलींना अंक शिकवायला मी चिंचोके वापरत असे. मुली ते तोंडात घालायच्या, एकीनं नाकात घातला. तेव्हा मला चेंडूंची कल्पना सुचली. आमच्या भागातले धनगर जेन करतात. जेन म्हणजे न विणलेली घोंगडी. लोकर पसरायची, गरम पाणी आणि साबण शिंपडायचा, गुंडाळी करून पायांनी मळत राहायचं. तासाभरात केस एकमेकांत असे अडकतात की ओढून निघत नाहीत. मी म्हटलं, पायांनी एवढं होतं तर तळहातांनी लहान चेंडू होतील. दहा पिवळे, दहा हिरवे, दहा गुलाबी, दहा केशरी. दहाचा दशक हातात धरून दाखवता येईल.

बाजारातले कपड्याचे रंग मला नको होते, कारण चेंडू तोंडात जाणार हे ठरलेलंच. म्हणून मी हलवायाकडे गेले. बर्फी-जिलबीत घालायची विलायती भुकटी त्याच्याकडे लहान डब्यांत असे.

तो म्हणाला, "मास्तरीणबाई, लगीन काढलंय जणू घरात? एवढ्या रंगात गावजेवण हुईल."

"लोकर रंगवायची आहे."

त्यानं डबा हातात तसाच धरला. "मग मेंढरं एकमेकास्नी खातील की वो."

निळा रंग त्याच्याकडे नव्हता. निळं असं निपाणीत कुणी काही खात नव्हतं.

लोकर देणारी धनगरीण दर वर्षी कातरणीनंतर आमच्या दारात यायची. मी तिच्याकडे पांढरी मागितली, कारण काळ्यावर रंग दिसत नाही. ती म्हणाली, "पांढरी मेंढरं लई न्हाईत आमच्यात. बोटावर मोजायची. काळी घ्या की, ऊब सारखीच." शेवटी तिनं एक गाठोडं पांढरी आणि एक पोतं काळी दिली. काळीचा गोळा आत घालायचा आणि वरून पांढरीचा रंगीत थर द्यायचा, असं मी ठरवलं. निघताना म्हणाली, "आता पाऊस व्हायच्या आधी मेंढरं घिऊन उगवतीकडं जातावं. दसऱ्याबिगर आमचं तोंड दिसायचं न्हाय."

थोरलीनं रीत विचारली आहे म्हणून नीट लिहिते. आधी लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात तीनदा धुवायची, तिचा तेलकटपणा जाईपर्यंत. परसातल्या चुलीवर कल्हईचं पातेलं ठेवायचं. त्यात पाणी, अर्धा चमचा रंग, दोन लिंबांचा रस. गावातल्या रंगाऱ्यानं सांगितलं म्हणून मी मूठभर मीठही घालत असे. ओली लोकर अलगद सोडायची आणि मंद आचेवर ठेवायची. ढवळायचं अजिबात नाही, नाहीतर तिथंच तिचा गठ्ठा होतो. अर्ध्या तासानं बघायचं. आधी पाणी केशरी आणि लोकर पांढरी असते. मग लोकर केशरी होते आणि पाणी निवळत जातं. शेवटी पातेल्याचा तळ दिसतो. सगळा रंग लोकर पिऊन टाकते, पाण्यात काही ठेवत नाही. मला ते बघत बसायला आवडायचं. आवडायचं म्हणजे, त्या वेळात दुसरं काही मनात येत नसे.

तुमची आई साबणाच्या पाण्यात हात घालून चेंडू वळायची. तिचे चेंडू माझ्यापेक्षा गोल व्हायचे.

त्याच वर्षी बारा वर्षं पुरी झाली. मामंजींच्या पायांवर तेव्हा सूज होती आणि जिना चढताना ते दोनदा बसायचे. एका सकाळी गुरुजींना बोलावून त्यांनी पळसविधीचं ठरवलं. बेपत्ता माणसाचा देह नसतो, म्हणून पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग दहावा, बारावा सगळं रीतसर करायचं. मुलगा असता तर त्यानं केलं असतं. इथं मुलगा नव्हता, भाऊ नव्हता. करणारे एक मामंजीच होते.

ते मला म्हणाले, "सूनबाई, मी गेलो की त्याचं करायला कुणी राहणार नाही. तो तसाच राहील."

मी म्हटलं, "बरं."

सासूबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून त्या तांदूळ निवडायला बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "केसांना हात लावायचा नाही, असं मी गुरुजींना बजावलंय. कुंकू आणि मंगळसूत्र तेवढं. ते माझ्या हातात नाही."

"बरं," मी पुन्हा म्हटलं.

गुरुजींनी यादी दिली. पळसाचे तीनशे साठ देठ, दर्भ, नारळ, जवाचं पीठ, मध, आणि पुतळा बांधायला पांढरी लोकर. लोकर कोरी हवी. धाबळीतली किंवा कुठल्या पांघरुणातली उसवलेली चालणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "लोकर सूनबाईकडे आहे." मी गाठोड्यातली एक मूठ बाजूला काढली, वर्तमानपत्रात बांधली, वर शाईनं "विधीसाठी" असं लिहिलं आणि देवघराजवळच्या फळीवर ठेवली. मला सगळ्यावर नाव घालून ठेवायची सवय होती, अजून आहे.

देठ मोजायचं कामही माझ्याकडेच आलं. मामंजींचं लक्ष राहत नसे आणि मी रोज मोजणंच शिकवत होते. ओसरीवर बसून मी दहादहाच्या जुड्या बांधल्या. डोक्याला चाळीस, मानेला दहा, दोन हातांना मिळून शंभर. गुरुजींनी कागदावर लिहून दिलं होतं तसं. दोन जुड्यांत एकेक देठ कमी भरला, ते दोन मी परसातल्या पळसावरून आणले. तुमची आई शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "आई, बाबा उंच होते का?"

मी म्हटलं, "दारातून जाताना वाकायचे."

ती देठांकडे बघून म्हणाली, "मग हे पुरतील का?"

"सगळ्यांना एवढेच लागतात."

विधीचा दिवस सोमवारी ठरला. त्याआधीच्या शनिवारी वर्गातल्या एका मुलीनं केशरी चेंडू शाळेच्या विहिरीत टाकला. बुडतो का तरंगतो ते तिला बघायचं होतं. तो बुडला. मी चेंडूंची पेटी घरी आणली, त्यात केशरी नऊच उरले होते.

रविवारी दुपारी सासूबाई आणि मामंजी आडवे झाले होते. मी चेंडूंची पेटी आवरायला काढली. पिवळे दहा, हिरवे दहा, गुलाबी दहा, केशरी नऊ. मी ते परत मोजले. काळी लोकर पोत्यात होती. पांढरी सगळी संपली होती. धनगर केव्हाच उगवतीला गेले होते. नऊचा दशक होत नाही. मी उठले, फळीवरचा पुडा काढला, "विधीसाठी" हे माझंच अक्षर वाचलं, आणि गाठ सोडली.

पुढचं सगळं मी नेहमीसारखं केलं. चूल पेटवली, लिंबू कापलं, मीठ घातलं. लोकर थोडी होती, रंग तेवढाच पडला, म्हणून ती इतर केशरीपेक्षा गडद झाली. पाणी निवळेपर्यंत मी पातेल्यापाशी बसले. मग तुमची आई आली. तिनं लोकर ओळखली की नाही, मला माहीत नाही. तिनं बाह्या वर केल्या आणि चेंडू वळून दिला. मी तो पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. थोडी रंगीत लोकर उरली होती. ती त्याच वर्तमानपत्रात बांधून मी पुडा होता तिथं ठेवला.

मी हे मुद्दाम केलं का? तुम्ही विचाराल म्हणून लिहिते. मला माहीत नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त दहा हा आकडा होता. मी खूपदा आठवून बघितलं. त्या दुपारी तिथं दुसरं काही सापडत नाही.

सोमवारी सकाळी गुरुजी आले. गावाबाहेर ओढ्याकाठी जायचं होतं, पण पुतळा परसात बांधून न्यायचा होता. मामंजी ओल्या पंचानं पाटावर बसले. माझ्या जुड्या ओळीनं मांडल्या. गुरुजींनी लोकर मागितली. सासूबाईंनी पुडा आणून सोडला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

गुरुजींनी विचारलं, "हे काय?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "काल रंगवली."

"कसला रंग?"

"जिलबीचा."

गुरुजींनी वाकून ती लोकर जवळून बघितली. ते समजूतदार होते. म्हणाले, "रंगाचं एक वेळ चालवून घेऊ. हरिद्रेचा समजू. नुसता पाण्यात घोळलाय ना?"

मी खरं ते सांगितलं. "चुलीवर शिजवली. लिंबू पिळून."

"मीठ?"

"घातलं."

त्यांनी हात मागे घेतला. "मग ते अन्न झालं. खरकटं. ह्यानं बांधता यायचं नाही."

मामंजी म्हणाले, "शेजारी-पाजारी कुणाकडे कोरी असेल."

"सगळ्यांकडे काळी आहे," मी म्हटलं. ते खरं होतं. पांढरी सगळी मीच घेतली होती.

सासूबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढवला नाही. "माझा मुलगा काय जिलबीच्या दोऱ्यानं बांधायचा होता तुला?"

माझे दोन्ही तळहात केशरी होते. मी ते पदराखाली घेतले, मग वाटलं लपवून काय करायचं, म्हणून परत बाहेर ठेवले.

गुरुजींनी पंचांग चाळलं. धनगर दसऱ्यानंतर येतील, लोकर तेव्हा आणा, तेव्हा करू, असं म्हणून त्यांनी दर्भ आवरले. मामंजी उठताना पाटावरून एका बाजूला कलले, मी त्यांना हात दिला. त्यांनी तो धरला. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नव्हती. सासूबाईंनी पेटवली, पिठलंभात केला आणि सगळ्यांना वाढला. मलाही वाढला. देठांच्या जुड्या त्यांनी माळ्यावर टाकल्या.

मामंजींची सूज पायांवरून वर चढत गेली. श्रावणात त्यांचं ओसरीवर येणं बंद झालं. मी शाळेतून आले की त्यांच्या खोलीत पाणी ठेवायला जात असे. एकदा त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता विचारतील. बारा वर्षांत पहिल्यांदा मी कशाला तरी घाबरले, असं मला आठवतं.

त्यांनी विचारलं, "दहा झाले का?"

"काय?"

"चेंडू. शाळेचे."

"झाले."

"हं," ते म्हणाले. जन्मभर कचेरीत त्यांनी कागद नंबरवार लावले होते. त्यांनी डोळे मिटले आणि मी भांडं ठेवून बाहेर आले.

भाद्रपदात ते गेले. त्यांचं क्रियाकर्म भावकीतल्या एका माणसानं केलं. तो दूरचा होता, दोन दिवस राहिला आणि परत गेला. तुमच्या आजोबांचं त्यानं करावं, असं कुणी त्याला म्हटलं नाही. सासूबाई म्हणाल्या नाहीत, मी म्हटलं नाही.

दसऱ्यानंतर धनगरीण आली. तिनं मामंजींचं ऐकलं, दारात टेकली. मग म्हणाली, "मास्तरीणबाई, औंदा पांढरी बरी निघालीया. ठिवू?"

मी आत बघितलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आता कुणासाठी?" आणि आत गेल्या. मी धनगरणीला सांगितलं, ठेव थोडी. ती लोकर मी पुढच्या वर्षी रंगवली, पिवळी आणि हिरवी.

त्या हिवाळ्यात सासूबाईंनी माळ्यावरचे देठ काढले आणि रोज एक जुडी न्हाणीघरातल्या चुलीत घातली. छत्तीस दिवस पुरल्या. मी मोजत नव्हते, पण मला ते कळत होतं. आम्ही दोघी त्याच पाण्यानं अंघोळ करत होतो. त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या. त्या मला वाईट बोलल्या नाहीत आणि चांगलंही फारसं बोलल्या नाहीत. सणाच्या दिवशी कुंकवाचा करंडा त्या माझ्यासमोर ठेवत, मला लावत नसत. मी माझ्या हातानं लावत असे.

धाकट्याला एवढंच सांगते. तुझे आजोबा मेले, असं कुणी कधी विधीनं ठरवलं नाही. ठरवायला मामंजी बसले होते, ते गेले. म्हणून मी कुंकू लावते. त्यात माझी आशा नाही. तीही असती तर सांगितली असती. मामंजींच्या शेवटच्या इच्छेचं मी काय केलं, हे मला समजतं. त्याचं वाईट वाटायला हवं तेवढं वाटतं का, ते मला सांगता येत नाही.

थोरलीला एक दुरुस्ती. मिठाची गरज नसते. पुढे मी एकदा मीठ विसरले, तरी रंग तसाच बसला. नुसतं लिंबू पुरतं, तुमच्याकडे व्हिनेगर पुरेल. तू घालू नकोस.

निपाणीचं घर विकून मी बेळगावला आले तेव्हा शाळेनं ती पेटी मला दिली. पिवळे चेंडू पांढरट झालेत, गुलाबी गेले, हिरवे कसरीनं खाल्ले. केशरी सात आहेत. गडद होता तो दहावा त्यांच्यात आहे की नाही, सांगता येत नाही, कारण आता सातही एकाच रंगाचे दिसतात. पेटी माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. करंडा वरच्या खणात आहे, आणि त्यात कुंकू आहे.